सुई, सुतळी आणि ८६ अंश उत्तर

फौजेत भरती झालेल्या रंगरुटाला जे सामान मिळतं त्यात एक छोटीशी कापडी गुंडाळी असते. आत दोन-चार सुया, खाकी दोरा, थोडी बटणं. हिचं कागदोपत्री नाव 'हाउसवाइफ'. इंग्रजांच्या पलटणींतून आलेलं नाव आहे. तिकडचे गोरे शिपाई घाईघाईत त्याचा उच्चार 'हसिफ' असा करत. घरी बायको किंवा आई जे काम करते ते इथं तुझं तुलाच करायचंय, एवढा त्याचा अर्थ. ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात हे नाव ऐकून प्रत्येक बॅच हसते. नंतर किट लेआउटला ती गुंडाळी ठरलेल्या जागी मांडली जाते, तपासली जाते आणि पुन्हा ट्रंकेत जाते. कित्येकांच्या गुंडाळीची गाठ पेन्शनपर्यंत सुटत नाही.

सध्या मी जिथं आहे तिथं मात्र ती सुटते. उंचावर, बर्फात, सामान खाली मैदानात फाटतं तसं फाटत नाही. पिट्ठूचा पट्टा शिवणीतून उसवतो, गेटरची चेन दात सोडते, थंडीनं कडक झालेलं प्लॅस्टिकचं बक्कल नुसत्या दाबानं तुकडे होऊन हातात येतं. चिकटपट्टी ओल्या कापडाला धरत नाही. धरतो तो फक्त टाका. म्हणून मोकळ्या संध्याकाळी मी या विषयावरचं जे मिळेल ते वाचत असतो, आणि वाचता वाचता दोन माणसांपाशी पुन्हा पुन्हा येतो. एकाचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल, दुसऱ्याचं सहसा कुणी ऐकलेलं नसतं. दुसरा फौजी होता.

पहिला फ्रिड्यॉफ नानसेन. नॉर्वेचा शास्त्रज्ञ, पुढे निर्वासितांच्या कामासाठी १९२२ चं शांततेचं नोबेल मिळालेला. त्यानं 'फ्राम' नावाचं जहाज बांधून घेतलं ते मुद्दाम बर्फात अडकवण्यासाठी. ध्रुवीय समुद्रातला बर्फ सैबेरियाकडून ग्रीनलंडच्या दिशेनं वाहतो असं त्याचं म्हणणं होतं. जहाज त्यात गोठवलं तर ते आपोआप ध्रुवाजवळून वाहत जाईल. जून १८९३ मध्ये फ्राम निघालं, सप्टेंबरमध्ये बर्फात अडकलं आणि खरंच वाहू लागलं. पण ध्रुवापासून बरंच लांबून. तेव्हा नानसेननं ठरवलं, जहाज सोडायचं आणि एक सोबती घेऊन कुत्र्यांच्या स्लेजवरून उत्तरेला जायचं. परत जहाजावर यायचं नाही, कारण वाहत्या बर्फावर जहाज पुन्हा सापडणं अशक्य. थेट दक्षिणेला फ्रान्झ योझेफ लँड नावाच्या बेटांकडे उतरायचं. म्हणजे जे काही मोडेल ते वाटेतच दुरुस्त करायचं, मागून रसद येणार नाही, आणि परतीच्या वाटेवर कुणी वाट पाहत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर लाइन ऑफ सप्लाय शून्य.

सोबती म्हणून त्यानं निवडला यालमार योहान्सेन. सैन्यातला राखीव दलाचा लेफ्टनंट, उत्तम जिम्नॅस्ट. फ्रामवर जागा शिल्लक नव्हती तेव्हा इंजिनात कोळसा घालणारा खलाशी म्हणून चढला होता. लेफ्टनंटनं फावडं हातात धरणं म्हणजे काय, हे फौजेतल्या वाचकांना सांगायला नको.

पहिली निघण्याची तारीख २६ फेब्रुवारी १८९५. जहाजापासून थोडं अंतर गेले नाहीत तोच नानसेनच्या स्लेजच्या आडव्या पट्ट्या बर्फाच्या कंगोऱ्यावर आपटून मोडल्या. परत आले, स्लेजना खालून उभी फळी लावून बळकट केलं. दोन दिवसांनी पुन्हा निघाले; सामान जड झालं म्हणून पुन्हा परत. तिसऱ्यांदा १४ मार्चला निघाले ते ३ स्लेज, २८ कुत्री आणि २ कायाक घेऊन. जहाजावरच्या लोकांना हे दोनदा परत येणं नामुष्कीचं वाटलं असेल. मला तो सगळ्या मोहिमेतला सर्वांत शहाणा भाग वाटतो. जे मोडायचं ते सुतारकामाची हत्यारं आणि गरम खोली जवळ असताना मोडलं.

कायाक म्हणजे एका माणसाची निमुळती होडी. या दोन्ही जहाजावरच तयार केल्या होत्या: बांबूचा सांगाडा, सुतळीनं बांधलेला, वर कॅनव्हास शिवून चढवलेलं. लांबी साधारण १२ फूट. बर्फ संपून पाणी लागेल तेव्हा जीव यांच्यावर, पण तोवर शेकडो किलोमीटर त्या स्लेजवर बांधून ओढायच्या. त्या बर्फाचं मैदान नव्हतं. दाबामुळे वर उचललेल्या लाद्यांचे उंचच उंच ढीग एकामागून एक. स्लेज उलटली की कायाक खाली. कॅनव्हासला भोक, आत एखादा बांबू खटकन मोडलेला. तापमान उणे ४० च्या आसपास. दिवसा घामानं भिजलेले लोकरी कपडे गोठून चिलखतासारखे कडक होत. नानसेनच्या कोटाच्या बाहीनं मनगट घासून घासून खोल जखमा झाल्या, त्यांचे वण पुढे राहिले. अशा हातानं सुईत दोरा ओवायचा. मोजा काढल्याशिवाय सुई धरता येत नाही, आणि मोजा काढला की किती वेळ मिळतो हे ज्यानं उंचावर पहाऱ्याच्या ड्युटीत बुटाची नाडी बांधलीय त्याला माहीत आहे.

८ एप्रिलला ते ८६ अंश १४ मिनिटांच्या जवळ पोचले. तोवर इतक्या उत्तरेला कुणीही गेलं नव्हतं. शाळेच्या पुस्तकात येतो तो हा आकडा. तिथून पुढे बर्फ चालण्याजोगा राहिला नाही, म्हणून ते वळले. माझ्या मते खरी गोष्ट इथून सुरू होते, कारण पुढचे चौदा महिने कुठलाही विक्रम नाही. नुसती डागडुजी आहे.

वळल्यावर चार दिवसांतच एक अशी मोड झाली जिच्यावर कुठल्याही थैलीत इलाज नव्हता. १२ एप्रिलला फार लांबची चाल करून दोघं झोपले आणि दोघांचीही घड्याळं किल्ली न दिल्यानं बंद पडली. वाचकाला वाटेल, घड्याळ बंद पडलं तर काय झालं? समुद्रावर किंवा बर्फावर रेखांश काढायचा तर एका ठरलेल्या जागेची अचूक वेळ सोबत लागते. पृथ्वी ४ मिनिटांत १ अंश फिरते, म्हणून वेळेत ४ मिनिटांची चूक म्हणजे नकाशावर १ अंशाची चूक. नानसेननं हिशेब करून अंदाजानं घड्याळ लावलं. त्या दिवसापासून आपण उत्तर-दक्षिण कुठं आहोत ते त्यांना कळत होतं, पूर्व-पश्चिम कुठं आहोत ते नीट कळत नव्हतं. त्यात भर म्हणजे नकाशा. तो युलिउस पायर या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्यानं १८७०च्या दशकात काढलेला. त्यावर उत्तरेकडे दाखवलेली जमीन प्रत्यक्षात नव्हतीच. दोघं आठवडेच्या आठवडे क्षितिजावर डोळे लावून होते आणि जमीन दिसेना. नकाशा चुकला की घड्याळ, हे ठरवायला तिसरं साधन नव्हतं.

जूनच्या सुरुवातीला ते ८२ अंशांच्या आसपास आले. बर्फ फुटायला लागला होता. पाण्याच्या लांब भेगा आडव्या येत, आणि त्या कायाकमधून ओलांडायच्या ऐवजी वळसे घालून जावं लागे, कारण कायाक गळक्या होत्या. अन्न कमी, कुत्री एकेक करून मारून उरलेल्यांना खाऊ घातलेली, २८ पैकी बोटांवर मोजण्याइतकी शिल्लक. अशा वेळी मन म्हणतं पुढे चला, एकेक दिवस मोलाचा आहे. त्यांनी उलट केलं. थांबले. कायाकवरचं कॅनव्हास उतरवलं, आतला सांगाडा उघडा केला, मोडलेले बांबू जोडले, सैल झालेले बांध सोडून पुन्हा बांधले, भोकांवर ठिगळं लावली. यात कित्येक दिवस गेले, आणि एकेक दिवस अन्नातून वजा होत गेला.

या निर्णयावर मी बराच विचार केलाय. आमच्याकडे एक जुने उस्ताद होते. पट्टा तुटल्यावर शिवणाऱ्याला ते शाबासकी देत नसत. पट्ट्याचा एक टाका सुटलाय हे ज्यानं पाहिलं आणि त्याच हॉल्टला पिट्ठू उतरवला, त्याला देत. हे ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात पुढचा माणूस चालत असतो, अंधार व्हायला दीड तास उरलेला असतो, आणि एका टाक्यासाठी सगळ्यांना थांबवणं लाजिरवाणं वाटतं. नानसेन-योहान्सेनना थांबवणारं कुणी नव्हतं आणि लाजायलाही कुणी नव्हतं, तरी त्यांच्यामागे भूक होती. ती लाजेपेक्षा वाईट.

२२ जूनला त्यांनी एक मोठा सील मारला आणि अन्नाचा प्रश्न तात्पुरता सुटला. मग ते जवळजवळ महिनाभर एकाच जागी राहिले. बर्फ अजून मऊ होऊन वाहून जाऊ दे, मग पुढं जाऊ असा विचार. नानसेननं त्या तळाला 'ओढीचा तळ' अशा अर्थाचं नाव दिलं. या महिन्यात कायाकना वरून रंग द्यायचं काम चाललं, कारण कॅनव्हास नुसतं शिवून पाणी अडत नाही, त्याची छिद्रं बुजवावी लागतात. रंग होता कुठं? नानसेननं आधी हाडं जाळून त्यांची पूड करून पाहिली. त्यातून काही साधलं नाही. शेवटी सीलच्या चरबीचा दिवा पेटवून त्याची काजळी धरली, तीच चरबीच्या तेलात खलली आणि फासली. आपल्याकडे पूर्वी घरोघरी काजळ धरायचे तसंच, फक्त डोळ्यांऐवजी होडीला. कोकणातला कुणी वाचक असेल तर त्याला होडीला तेल पाजणं नवीन नाही. माशाचं तेल लावलेल्या लाकडाचा वास ज्याला माहीत आहे त्याला तो तळ कसा असेल ते लगेच कळेल.

जुलैच्या २२ तारखेच्या सुमारास तळ हलला. तळ सोडताना बरंचसं सामान टाकून दिलं. २४ जुलैला पहिल्यांदा जमीन दिसली, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ते उघड्या पाण्याशी पोचले. उरलेली दोन कुत्री होती. नानसेनचं योहान्सेननं मारलं आणि योहान्सेनचं नानसेननं, आपापलं मारवेना म्हणून. दोन कायाक शेजारी-शेजारी बांधून, वर स्लेज टाकून ते निघाले. जूनमध्ये घातलेले टाके आता पाण्यात उतरले आणि टिकले.

ऑगस्टअखेर थंडी परतली, पाणी गोठायला लागलं. २८ ऑगस्टला ते एका बेटावर अडकले ते पुढच्या मे महिन्यापर्यंत. नऊ महिने, त्यातले कित्येक बिनसूर्याचे.

इथून पुढं जे झालं ते प्रत्येक क्वार्टरमास्टरनं वाचावं. घर बांधायला हत्यारं नव्हती. वॉलरसच्या खांद्याचं रुंद हाड तुटक्या स्कीच्या काठीला बांधलं, झालं फावडं. वॉलरसचा सुळा स्लेजच्या आडव्या पट्टीला बांधला, झाली कुदळ. जमीन खणून, कडेनं दगड रचून, वाहून आलेला एक ओंडका आढ्याला टाकून वर वॉलरसची कातडी पसरली. आत नानसेनला जेमतेम उभं राहता येई.

दिवे कशाचे केले? स्लेजच्या धावपट्ट्यांना खाली जर्मन सिल्व्हरचा पत्रा लावलेला होता. हो, तेच जर्मन सिल्व्हर, ज्याची तबकं आपल्याकडे लग्नात आहेर म्हणून येतात. पत्र्याचे तुकडे घेऊन कोपरे वर वळवले, त्यात चरबी घातली, आणि वाती केल्या औषधाच्या थैलीतल्या बँडेजच्या. त्यांच्याकडे प्रायमस स्टो होता, स्वीडनमध्ये थोड्याच वर्षांपूर्वी निघालेला. आपल्या आजी-आईनं ज्याला पिन मारून मारून वैताग केला तोच. पण स्टोला रॉकेल लागतं आणि रॉकेल बेटावर मिळत नाही. पत्र्याचा दिवा वॉलरसवर चालतो. सोबतच्या सामानापैकी काय कशात बदलता येईल, हे मला आता सामान कसं चाललंय त्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. धावपट्टीचा पत्रा दिवा होऊ शकला, बँडेज वात होऊ शकलं, कारण ते साधे पदार्थ होते: पत्रा, कापड, दोर, लाकूड. आज ऑनलाइन मिळणाऱ्या सर्व्हायव्हल किटमध्ये एका डबीत वीस वस्तू असतात आणि प्रत्येक वस्तू एकच काम करते. मी स्वतः डबीत सुई, जाड मेण लावलेला दोरा, थोडी बारीक तार आणि पाण्याच्या बाटलीभोवती गुंडाळलेली कापडी चिकटपट्टी ठेवतो. एवढंच. ठिगळाचे कोपरे गोल कापायचे, टोकदार कोपरा कशात तरी अडकून उचलतो. दोरा दुहेरी घ्यायचा. टाके फाटलेल्या कडेपासून बोटभर आत, नाहीतर कडच सुटते. हे कुणी पुस्तकातून शिकवत नाही.

कपड्यांचं मात्र हाल झालं. वर्षभर अंगावरचे तेच कपडे, चरबीनं माखून चिकट झालेले. ते उकळले, मग सुरीनं खरवडले, आणि खरवडून निघालेली चरबी दिव्यात घातली. अस्वलाच्या कातड्याची झोपायची पिशवी शिवली. बुटांना तळवे हवे होते. वॉलरसचं कातडं खरवडून अर्ध्या जाडीचं केलं, दिव्यावर वाळवलं, ते लावलं. दोन घोंगड्या फाडून नवे कपडे बेतले. शिवायला सुया होत्या. दोरा नव्हता.

आणि दोरा का नव्हता? कोल्ह्यांमुळे. ध्रुवीय कोल्हा मांजराएवढा, पांढरा आणि चोरटा. हे कोल्हे झोपडीच्या छपरावर फिरत आणि बाहेर ठेवलेलं काहीही पळवत: बांबूच्या काठ्या, पोलादी तार, हार्पून आणि त्याचा दोर, नानसेननं जमवलेले दगड आणि शेवाळं, एक थर्मामीटरसुद्धा. थर्मामीटर कोल्ह्याला कशासाठी हवा होता देव जाणे. पण या सगळ्यात जिव्हारी लागली ती चोरी सुतळीच्या मोठ्या गुंड्याची. कपडे, बूट, झोपायची पिशवी, सगळं त्या गुंड्याच्या भरवशावर शिवायचं होतं. मग उरलेल्या सुतळीच्या तुकड्यांचा पीळ उकलायचं काम सुरू झालं. एका सुतळीतून १२ धागे निघतात असं त्यांना आढळलं. त्या धाग्यांवर दोघांचे कपडे शिवले गेले. अंधारात, चरबीच्या धुरकट दिव्यापाशी, एका दगडी बिळात बसून दोन माणसं सुतळीचे बारा-बारा पदर सोडवत आहेत. ८६ अंश १४ मिनिटांच्या आकड्यामागे हेही चित्र ठेवावं असं मला वाटतं.

जाता जाता एक गोष्ट, जी मराठी वाचकालाच नीट कळेल. हे दोघं उबेसाठी बराच काळ एकाच झोपायच्या पिशवीत झोपत, आणि तरीही एकमेकांना 'तुम्ही' म्हणत. नॉर्वेजियनमध्येही आपल्यासारखेच तू आणि तुम्ही आहेत. १८९५ च्या शेवटच्या रात्री त्यांनी ठरवलं की आता 'तू' म्हणू या. मोहिमेचा प्रमुख आणि कोळसेवाला म्हणून चढलेला लेफ्टनंट यांच्यामधलं तेवढं अंतर मिटायला नऊ-दहा महिन्यांचा बर्फ लागला.

योहान्सेनबद्दल आणखी थोडं. १९१० मध्ये तो आमुंडसेनबरोबर दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर गेला. सप्टेंबर १९११ मध्ये आमुंडसेन थंडी ओसरण्याआधीच घाईनं निघाला आणि सगळ्यांना माघारी फिरावं लागलं. मागे पडलेल्या, कमी अनुभवाच्या प्रेस्टरुडला योहान्सेननं तळावर सुखरूप आणलं आणि त्या घाईबद्दल आमुंडसेनला सगळ्यांसमोर सुनावलं. त्याला ध्रुवाच्या तुकडीतून काढून टाकण्यात आलं. ३ जानेवारी १९१३ ला त्यानं नॉर्वेच्या राजधानीत स्वतःचा जीव घेतला. वय ४५. बेटावरच्या त्या बिळात ज्याचं शिवणकाम नानसेनइतकंच होतं, त्याच्याविषयी मराठीत मी तरी अजून एकही ओळ वाचलेली नाही. म्हणून ही ओळ.

१९ मे १८९६ ला दोघांनी झोपडी सोडली. आता कुत्री नाहीत, स्लेज स्वतः ओढायच्या. बेत असा की दक्षिणेला जाऊन तिथून स्पिट्सबर्गेन गाठायचं, तिथं एखादं शिकारी जहाज मिळेल.

१२ जूनला एक प्रसंग झाला. बर्फाच्या कडेला दोन्ही कायाक एकत्र बांधून, वॉलरसच्या कातड्याच्या दोरानं अडकवून दोघं एका उंचवट्यावर पाहणी करायला चढले. दोर पुरेल ना, असं योहान्सेननं विचारलंही होतं. दोर तुटला. कायाक सगळं सामान घेऊन वाऱ्याबरोबर निघाल्या: अन्न, बंदुका, काडतुसं, सगळंच. नानसेननं घड्याळ योहान्सेनच्या हातात दिलं आणि अंगावरच्या थोड्या कपड्यांनिशी त्या पाण्यात उडी मारली. पोहत गाठल्या कशाबशा. वर चढायला अंगात ताकद उरली नव्हती, हातपाय बधिर झाले होते, तरी चढला. परत येताना वाटेत दोन पक्षी दिसले म्हणून थांबून बंदुकीनं मारलेही. किनाऱ्यावर योहान्सेनला वाटलं, माणसाचं डोकं फिरलं. पण रात्रीचं जेवण झालं.

जुगाडाचं कौतुक करताना आपण ही बाजू विसरतो. कच्च्या कातड्याचा दोर कोरडा असताना मजबूत असतो. भिजत राहिला की सैल पडतो, ताणतो. वर्षभर त्यांनी हातानं बनवलेलं जवळजवळ सगळं टिकलं, आणि जे एकच टिकलं नाही त्याच्यावर त्या क्षणी सगळं लटकलेलं होतं. ज्या गाठीवर जीव आहे ती जुगाडाची नको, तिला दुसरी गाठ हवी.

त्यानंतर लवकरच एक वॉलरस नानसेनच्या कायाकशेजारी वर आला, काठावर चढू पाहू लागला आणि सुळा कॅनव्हासमध्ये घुसवला. नानसेननं वल्ह्यानं त्याच्या डोक्यात घातले. तो गेला, पण कायाक भरत चालली. बर्फाच्या काठाला लागेपर्यंत जेमतेम तरली. सगळं भिजलं होतं. पुन्हा थांबणं आलं. पुन्हा सामान उतरवून पसरणं, वाळवणं, ठिगळ, टाके.

दुरुस्तीच्या या मुक्कामात, १७ जूनला, नानसेन स्वयंपाकाच्या तयारीत असताना त्याला किनाऱ्याकडून कुत्र्याच्या भुंकण्यासारखा आवाज आला. आधी पक्षी वाटले. मग खात्री पटली. योहान्सेनला कायाकजवळ ठेवून तो स्कीवर निघाला आणि थोड्या वेळानं त्याला बर्फावरून येणारा एक माणूस दिसला. चौकड्यांच्या सुटातला, दाढी केलेला, साबणाचा वास येणारा इंग्रज: फ्रेडरिक जॅक्सन. तो केप फ्लोरा इथं स्वतःची मोहीम घेऊन आला होता. समोर काजळी-चरबीनं काळाठिक्कर, केस वाढलेला माणूस. काही वेळ बोलणं झाल्यावर जॅक्सनच्या लक्षात आलं की हा नानसेन आहे. त्याची माणसं जाऊन योहान्सेनला घेऊन आली, आणि त्याला स्वतःचं सामानही उचलू दिलं नाही.

नानसेनला आपण नेमके कुठं आहोत हे तोपर्यंत ठाऊक नव्हतं. एखादा दिवस आधी निघून, पश्चिमेला तोंड करून ते वल्हवत राहिले असते तर चुकामूक सहज झाली असती. समोर स्पिट्सबर्गेनपर्यंतचा उघडा समुद्र होता. वॉलरसच्या सुळ्यानं पाडलेलं भोक शिवायला ते थांबले होते म्हणून कुत्र्यांचा आवाज कानावर आला.

जॅक्सनच्या झोपडीत पोचल्यावर नानसेननं घड्याळ लावून पाहिलं. १२ एप्रिल १८९५ पासून अंदाजानं चालवलेल्या त्या घड्याळात सुमारे २६ मिनिटांची चूक निघाली. म्हणजे साडेसहा अंश. ८० अंश उत्तरेला एक अंश रेखांश साधारण १९ किलोमीटरचा असतो, तेव्हा ते स्वतःला जिथं समजत होते तिथून त्यांची जागा सव्वाशे किलोमीटर बाजूला होती. ७ ऑगस्टला जॅक्सनच्या रसदीचं 'विंडवर्ड' हे जहाज त्यांना घेऊन निघालं आणि १३ ऑगस्टला ते नॉर्वेच्या वार्डो बंदरात उतरले. त्याच दिवशी तिकडे फ्रामही बर्फातून मोकळं झालं. वजन केलं होतं ते केप फ्लोराला: जहाज सोडल्यापासून नानसेन १० किलोंनी वाढला होता, योहान्सेन ६.